मामलेदाराचं कोर्ट हे ‘कोर्ट’ आहे का? एका मुंडकार प्रकरणाचा अभ्यास

उत्तर गोव्यातल्या एका गावातलं हे प्रकरण. माणसांची ओळख पटू नये म्हणून गाव, तालुका आणि घरचे काही तपशील गाळले आहेत. विधी सेवा समितीच्या यादीवरची वकील म्हणून मी या प्रकरणात दुसऱ्या टप्प्यात आले. तोवर पहिला टप्पा हातचा गेला होता. वकील कमी पडला म्हणून नव्हे, पुरावा नव्हता म्हणूनही नव्हे. ‘कोर्ट’ या शब्दाचा घरातल्या सगळ्यांनी एक अर्थ धरला आणि कायद्याच्या मनात दुसरा होता, एवढ्यावरून गेला.

पार्श्वभूमी

आजीचं वय सत्तरच्या पुढे. नवरा पाडेली. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, माडांवरचे नारळ पाडायचा आणि त्याच भाटात, म्हणजे बागायतीत, एका कडेला घर बांधून राहायचा. चिऱ्यांच्या भिंती, वर नळ्यांची कौलं, दारात तुळस. भाटकाराचं मूळ घर तिथून शंभरेक पावलांवर. त्या घरात गेली कित्येक वर्षं कोणी राहत नाही, छप्परही बसलेलं. नवरा वारल्यावर आजी, मुलगा आणि सून तिथेच राहिली. भाडं कधी दिलं नाही, कोणी मागितलंही नाही.

जुलै २०२१ मध्ये गोव्यात पूर आला तेव्हा या घराची पश्चिमेची भिंत बसली. चतुर्थी झाल्यावर मुलाने चिरे आणून भिंत उभी करायला घेतली. काम खिडकीच्या उंचीपर्यंत आलं आणि भाटकाराचा पुतण्या मुंबईहून येऊन हजर झाला. त्याने तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात कायम मनाई हुकमाचा दावा घातला आणि अंतरिम हुकूमही मिळवला. म्हणणं असं, की ही बाई आमच्या घराची राखण करायला ठेवलेली, तिला बांधकामाचा हक्क नाही. भिंत होती तिथे थांबली.

आजीच्या वकिलाने उत्तरात लिहिलं, की ती मुंडकार आहे. ते बरोबरच होतं. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. भाटकाराच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून कायम राहणारा तो मुंडकार, मग तो भाटकाराची चाकरी करो वा न करो. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्याला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण दिलं आणि पुढे घर व भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्कही दिला. पंचायत हद्दीत ३०० चौरस मीटर, इतरत्र २००. पण त्याच व्याख्येत काही माणसं बाहेर ठेवली आहेत. भाडं देणारा, गिरणी-कारखान्यात किंवा खाणीवर नोकरीला असून मालकाच्या जागेत राहणारा, आणि घराची राखण किंवा देखभाल करण्यासाठी त्या घरात वा त्याच्या आवारातल्या खोलीत राहणारा. पुतण्याचा सगळा भर या शेवटच्या अपवादावर होता.

न्यायाधीशांनी मुद्दा काढला: प्रतिवादी मुंडकार आहे काय? आणि तो मुद्दा स्वतः न ठरवता मामलेदाराकडे, म्हणजे तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे, पाठवला. दावा तोवर थांबला. कायदा तसंच सांगतो. मुंडकार कोण, हा प्रश्न दिवाणी न्यायालयाच्या हातून काढून मामलेदाराकडे दिलेला आहे. त्यावर अपील जिल्हाधिकाऱ्याकडे आणि फेरतपासणी प्रशासकीय लवादाकडे (ट्रायब्युनलकडे).

नोटीस आली तेव्हा

मामलेदार कार्यालयाची नोटीस सुनेने सही करून घेतली. ती पुढे मी पाहिली. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात चौघडी घालून ठेवलेली. मजकूर इंग्रजीत, पण अगदी वरच्या ओळीतच लिहिलेलं होतं, की अमुक तालुक्याच्या मामलेदाराच्या न्यायालयात. मुलाने ती शेजारच्या शिकलेल्या पोराकडून वाचून घेतली होती. न्यायालय हा शब्द त्याला कळला होता, पण पटला नव्हता.

त्याने मला नंतर सांगितलं ते असं: “मॅडम, आमची केस कोर्टात चालू होती, वकील होता. मामलेदाराकडे आम्ही उत्पन्नाचा दाखला काढायला जातो. तिथे काळा कोट नाही, पेशकार नाही. ते कसलं कोर्ट?”

तरीही पहिल्या तारखेला तो गेला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. फेब्रुवारी २०२२ ची विधानसभा निवडणूक तोंडावर होती आणि मामलेदार निवडणुकीच्या कामावर. कारकुनाने तोंडी पुढची तारीख सांगितली. त्या तारखेला मुलाला कामावरून सुट्टी मिळाली नाही. दिवाणी दाव्यातला वकील बघेल, असं त्याने गृहीत धरलं. वकिलाने मात्र वकीलपत्र दिवाणी न्यायालयापुरतं घेतलेलं होतं. मामलेदाराकडे नवं वकीलपत्र लागतं, हे कोणी त्या घराला सांगितलं नाही. वकिलाला वाटलं, अशील स्वतः हजर राहतोय. अशिलाला वाटलं, वकील जातोय.

मामलेदारासमोर पुतण्याचा कारभारी उभा राहिला. शपथेवर सांगून गेला, की म्हातारीला मोठ्या घराच्या राखणीसाठी ठेवली होती. उलटतपासणी घ्यायला समोर कोणी नव्हतं. एकतर्फी निष्कर्ष नोंदला गेला: मुंडकार नाही. तो निष्कर्ष दिवाणी न्यायालयात पोचला तेव्हा घरच्यांना कळलं आणि त्यानंतर चार दिवसांनी मुलगा माझ्याकडे आला. आजी बाई असल्यामुळे तिला उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळू शकतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तशी तरतूद आहे. तेवढा एक प्रश्न लगेच सुटला.

अडचण नेमकी कुठे होती

मुलाचा पहिला प्रश्न होता, “मामलेदार म्हणजे कोर्ट नव्हे ना, मग त्याचं म्हणणं जजने ऐकायलाच हवं का?” बाकावर आजी बसली होती. ती या सगळ्याला ‘तिरबुनाल’ म्हणत होती. पोर्तुगीज काळात वाढलेल्या पिढीच्या तोंडी कोर्टाला हाच शब्द आहे, आणि पोर्तुगीजांच्या वरिष्ठ न्यायालयाच्या नावातही तोच होता.

मला तेव्हा जाणवलं, की घरात एकाच गोष्टीसाठी दोन शब्द आहेत आणि दोन्ही कायद्याच्या अर्थाशी उलटे बसलेत. आजीचा ‘तिरबुनाल’ म्हणजे पूर्ण न्यायालय. आजच्या भारतीय कायद्यात ट्रायब्युनल, म्हणजे लवाद, ही न्यायालयासारखं काम करणारी, पण न्यायालय नसलेली संस्था. मुलाचं ‘कोर्ट’ म्हणजे काळा कोट, उंच आसन, पेशकाराची हाक. कायदा यातलं काहीच बघत नाही.

कायदा काय बघतो? सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये भारत बँकेच्या प्रकरणात औद्योगिक लवादाबद्दल हा प्रश्न हाताळला. १९५५ मध्ये ब्रजनंदन सिन्हा प्रकरणात तो आणखी स्पष्ट झाला. पुरावा घेणं, साक्षीदार बोलावणं, दोन्ही बाजू ऐकणं हे सगळं एखादा अधिकारी करत असला तरी तेवढ्याने तो न्यायालय होत नाही. शेवटी जो निर्णय देतो तो अंतिम आणि बंधनकारक हवा. त्या प्रकरणातला चौकशी आयुक्त सरकारला फक्त अहवाल देत होता, म्हणून तो न्यायालय ठरला नाही. १९६१ च्या हरिनगर शुगर मिल्स प्रकरणात न्या. हिदायतुल्ला यांनी हा संबंध फार नेमका मांडला: सगळी न्यायालयं ही लवाद असतात, पण सगळे लवाद न्यायालयं नसतात.

आता मामलेदाराकडे या कसोटीने पाहा. मुंडकार कोण, या प्रश्नावर तो अहवाल देत नाही, निर्णय देतो. अपील झालं नाही तर तो निर्णय दोन्ही पक्षांना बांधतो आणि दिवाणी न्यायाधीशालाही तो मुद्दा पुन्हा उघडता येत नाही. मुलाला मी एवढंच सांगितलं: ज्याचं म्हणणं जजलाही धरून चालावं लागतं, त्याच्या दारात न जाण्याची चैन आपल्याला परवडत नाही.

तरीही मामलेदार दिवाणी न्यायालय होत नाही. आणि इथेच हा शब्द निसरडा होतो, कारण प्रत्येक कायदा ‘न्यायालय’ आणि ‘न्यायाधीश’ यांची व्याख्या स्वतःच्या कामापुरती करतो.

एक शब्द, कायद्यागणिक वेगळा

प्रकरण हाती घेतल्यावर पहिल्या रात्री मी टेबलावर चार-पाच कायदे उघडून बसले. हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण पुढचे सगळे निर्णय यावरून ठरले.

पुरावा कायद्यात (तेव्हा १८७२ चा लागू होता, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला) न्यायालयाची व्याख्या बरीच सैल आहे. सगळे न्यायाधीश, दंडाधिकारी आणि पुरावा घेण्याचा कायदेशीर अधिकार असलेली कोणतीही व्यक्ती. वगळला आहे तो फक्त तंट्यात नेमलेला पंच (आर्बिट्रेटर). नव्या कायद्यातही व्याख्या तीच राहिली. या पट्टीने मोजलं तर शपथेवर साक्ष नोंदवणारा मामलेदार आत येतो.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत (तीही तेव्हा लागू होती, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली) ‘न्यायाधीश’ म्हणजे त्या पदावरचाच माणूस नव्हे. कायदेशीर कामात निर्णायक निवाडा देण्याचा अधिकार ज्याला कायद्याने दिला, तो कोणीही. उदाहरणांत १८५९ च्या एका कायद्याखाली दावा ऐकणारा जिल्हाधिकारी आणि दावे चालवणारा पंचायतीचा सदस्य हे दोघेही न्यायाधीश मानलेत. उलट, खटला फक्त पुढच्या न्यायालयाकडे सोपवू शकणारा दंडाधिकारी न्यायाधीश नव्हे, असंही सांगितलंय. म्हणजे दंडाधिकारी बाहेर आणि गावचा पंच आत. हे उदाहरण मी त्या मुलाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा सरसावून बसला.

मुदत कायदा, १९६३ चा, नेमका उलटा आहे. उशीर माफ करण्याचं त्याचं पाचवं कलम आणि चुकीच्या ठिकाणी घालवलेला काळ वजा करण्याचं चौदावं कलम, दोन्ही न्यायालयांसाठी आहेत. २०१५ च्या एम. पी. स्टील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो न्यायालयांनाच लागू होतो असं म्हटलं, पण चौदाव्या कलमामागचं तत्त्व लवादांपुढेही धरता येईल अशी वाट मोकळी ठेवली. २०१९ च्या गणेशन प्रकरणात अधिकाऱ्यापुढच्या अपिलाला पाचवं कलम आपोआप लागत नाही, हे ठरलं. असा अधिकार त्या-त्या मूळ कायद्याने दिलेला असावा लागतो.

आणि गोव्याचाच एक कायदा, १९६६ चा मामलेदार न्यायालय कायदा. जुन्या मुंबई इलाख्यात १९०६ चा होता तसाच. वाट अडवली, पाणी अडवलं अशा तक्रारी ऐकणाऱ्या मामलेदाराला तो नावातच न्यायालय म्हणतो. खुर्ची तीच, माणूस तोच, टेबलावरची फाईल बदलली की नाव बदलतं.

गोव्याला हे नवीन नाही. मुक्तीनंतर इथे न्यायिक आयुक्तांचं न्यायालय होतं आणि ते काही कामांपुरतं ‘उच्च न्यायालय’ आहे असं १९६४ मध्ये संसदेला कायदा करून जाहीर करावं लागलं. मुंबई उच्च न्यायालयाचं पणजी खंडपीठ आलं ते १९८२ मध्ये.

समोर असलेले मार्ग

माझ्याकडे प्रकरण आलं तेव्हा अपिलाची मुदत संपायला आठवड्याच्या आसपास दिवस उरले होते. चार वाटा दिसत होत्या.

मुलाच्या मनातली वाट अशी, की दिवाणी न्यायाधीशांना सांगायचं, मामलेदाराचा निष्कर्ष एकतर्फी आहे, तो बाजूला ठेवा आणि तुम्हीच ठरवा. भावना समजण्यासारखी होती. खरं कोर्ट तेच, असं त्याला वाटत होतं. पण न्यायाधीश कितीही सहानुभूतीचे असले तरी कायद्याने काढून घेतलेला अधिकार ते स्वतःकडे ओढू शकत नाहीत. दोन्ही पक्षांनी संमती दिली तरी अधिकारक्षेत्र निर्माण होत नाही. ही वाट मी पहिल्याच बैठकीत बंद केली.

दुसरी वाट, मामलेदाराकडेच एकतर्फी निष्कर्ष रद्द करण्याचा अर्ज. लवादाला स्वतःच्या निर्णयाचा गुणदोषांवर फेरविचार करण्याचा अधिकार कायद्याने दिल्याशिवाय नसतो. पण पक्षकार सबळ कारणाने गैरहजर राहिला असेल तर एकतर्फी आदेश मागे घेऊन पुन्हा ऐकता येतं. १९८० च्या ग्रिंडलेज बँक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक केला आहे. अर्ज चालला असता. धोका वेळेचा होता. अर्ज ऐकायला दोन महिने लागले आणि तो फेटाळला गेला, तर तोवर अपिलाची मुदत गेलेली असणार, आणि मग उशीर माफ करण्याचा अधिकार कोणाला, न्यायालय म्हणजे कोण, हा सगळा वाद आजीच्या घरावर चालणार.

तिसरी वाट जिल्हाधिकाऱ्याकडे अपील. चौथी थेट उच्च न्यायालयात रिट. मुलाच्या एका मित्राचा तिचा फार आग्रह होता. हातात अपिलाचा सरळ मार्ग असताना उच्च न्यायालय आधी तिकडेच जायला सांगतं, आणि ते योग्यच आहे. शिवाय आजीला हवा होता साक्षीपुराव्याचा तपास, तो रिटमध्ये सहसा होत नाही.

मी अपील निवडलं. मुदतीच्या आत, तीन दिवस शिल्लक असताना ते दाखल झालं. दुसरी वाट कायद्याने जास्त नीटस होती, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही वाटतं. पण मुदत हातात असताना ती सोडून देणं मला जमलं नसतं.

याच वेळी एक छोटं काम दिवाणी न्यायालयात केलं. दुसरा पावसाळा सुरू झाला होता. अर्धवट भिंतीवरून पाणी थेट चुलीपर्यंत येत होतं. मनाई हुकूम दिवाणी न्यायालयाचा, म्हणून त्यात फेरबदल तेच करू शकत होतं. तात्पुरते पत्रे ठोकण्याची परवानगी मागितली, मिळाली. मुलाला त्या दिवशी अधिकारक्षेत्र हा शब्द कळला असं मला वाटतं. ज्या जजने ‘तुमची आई मुंडकार आहे की नाही ते मी सांगू शकत नाही’ म्हटलं होतं, त्याच जजने पंधरा मिनिटांत पत्रे ठोकायला सांगितलं.

पुन्हा सुनावणी

जिल्हाधिकाऱ्याच्या वतीने उपजिल्हाधिकाऱ्यांनी अपील ऐकून प्रकरण मामलेदाराकडे परत पाठवलं. नोटीस बजावली गेली होती हे आम्ही नाकारलं नाही. नाकारणं खोटं ठरलं असतं, सुनेची सही समोर होती. पुढची तारीख लेखी कळवली गेली नव्हती, एवढंच मांडलं. रोजनाम्यात त्या दिवशी मुलाची हजेरी होती, पण नवी तारीख समजल्याची त्याची सही नव्हती. त्या एका रिकाम्या जागेवर प्रकरण परत आलं. पुतण्याला खर्चापोटी काही रक्कम द्यावी लागली आणि ती देणं न्याय्य होतं.

आता मुख्य प्रश्न. आजी राखणदार की मुंडकार? कायदा १२ मार्च १९७६ पासून लागू झाला. त्याआधी वर्षभर माणूस घरात राहत असेल आणि भाटकाराने त्या काळात त्याला काढण्याची कारवाई केली नसेल, तर तो संमतीने राहतो असं कायदा मानतो. म्हणजे १९७५ च्या मार्चपासून तिथे वस्ती होती हे दाखवायचं होतं.

घरपट्टीच्या पावत्या होत्या, पण त्या नंतरच्या. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर घराची नोंद होती, तारखेचा प्रश्न तेवढ्याने सुटत नव्हता. शेवटी शेजारचे ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ साक्षीला आले. मामलेदारांनी विचारलं, घर कधीपासून आहे? ते म्हणाले, “भाऊ गेले त्या वर्षी. मे महिन्यात आम्ही चौघांनी या घराचे नळे चढवले आणि त्याच पावसात भाऊ गेले.” पुतण्याच्या वकिलाने विचारलं, कोण भाऊ? साक्षीदाराने त्याच्याकडे असं पाहिलं, की खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर १२ ऑगस्ट १९७३ ला वारले. मामलेदारांनी साक्षीत तेवढं वर्ष लिहून घेतलं.

मग कारभाऱ्याची उलटतपासणी. मी विचारलं, मोठ्या घराची राखण करायला बाईला ठेवली म्हणता, ते घर राहण्याजोगं शेवटचं कधी होतं? तो चाचरला. बाईचं घर मोठ्या घराच्या आवारात आहे काय? नाही, मधे पायवाट आणि कुंपण आहे. राखणीचा पगार कधी दिला? आठवत नाही. मग आधी शपथेवर वेगळं का सांगितलं? त्यावर त्याने दिलेलं उत्तर मी शब्दशः टिपून घेतलं होतं: “ते इथे सांगितलं होतं, कोर्टात नव्हे.”

मी मुलाकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. ज्या समजुतीने तो तारखेला आला नाही, त्याच समजुतीने हा माणूस शपथेवर सैल बोलून गेला होता.

कारभाऱ्याला हे ठाऊक असायला हवं होतं, की ज्या कामात शपथेवर पुरावा घेता येतो ते फौजदारी प्रक्रियेच्या व्याख्येत ‘न्यायिक कार्यवाही’ असतं आणि त्यात खोटा पुरावा दिला तर तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम १९३ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. न्यायिक कार्यवाही नसली तरी तीन वर्षांपर्यंत होतीच. खोट्या साक्षीबद्दल तक्रार करावी असं मुलाला वाटत होतं. मी थांबवलं. अशा गुन्ह्याची दखल घ्यायला त्या न्यायालयाचीच लेखी तक्रार लागते आणि तक्रारीच्या त्या तरतुदीपुरती ‘न्यायालय’ची व्याख्या पुन्हा वेगळी, दिवाणी, महसुली आणि फौजदारी न्यायालयं, आणि ज्या लवादाला त्याच्या कायद्याने तसं जाहीर केलं तो. त्या वादात उतरलो असतो तर भिंत आणखी दोन पावसाळे तशीच राहिली असती.

मामलेदारांनी जागेची पाहणीही केली. तलाठ्याने टेप लावली. चूल, तुळस, न्हाणी, दारावर खिळ्याने ठोकलेली पंचायतीची गंजलेली घरक्रमांकाची पट्टी, पडलेल्या भिंतीचे एका बाजूला रचून ठेवलेले चिरे, सगळं पंचनाम्यात आलं. मोठ्या घराकडे जाणारी वाट झाडोऱ्याने बुजली होती, तेही आलं.

निकाल

२०२३ च्या अखेरीस निर्णय झाला: मुंडकार. पुतण्याचं अपील पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला फेटाळलं गेलं आणि त्याने लवादाकडे फेरतपासणी मागितली नाही. दिवाणी न्यायालयाने मनाई हुकूम उठवला, दावा संपला. २०२४ च्या पावसाआधी भिंत पूर्ण झाली. जुने चिरे निम्मे वापरता आले, बाकीचे भिजून फुटले होते.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वात आधी वकीलपत्र. दिवाणी न्यायालय मुद्दा मामलेदाराकडे पाठवतं त्या दिवशीच वकिलाने अशिलाला समोर बसवून सांगायला हवं, की आता दोन ठिकाणी हजेरी आहे, तिथे माझी दुसरी सही लागेल, ती आजच करू. पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांअभावी जवळपास दोन वर्षं गेली.

नोटिशीची भाषा हा मला जास्त टोचणारा भाग आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीचा वापर करण्याचीही तरतूद आहे. त्या घरात मराठी वर्तमानपत्र रोज येतं, सून ते वाचते. तिच्या हाती ‘न्यायालयात हजर न राहिल्यास तुमच्या गैरहजेरीत निर्णय होईल’ असं मराठीत आलं असतं, तर ती नोटीस रेशनकार्डाच्या पाकिटात गेली नसती. आता मी प्रत्येक अशिलाला मामलेदाराकडे मराठीतून नोटीस आणि आदेश मिळावा असा साधा अर्ज द्यायला सांगते.

माझ्या स्वतःच्या कामातली एक गोष्ट. परत पाठवल्यानंतरची पहिली तारीख मी तयारीसाठी मागून घेतली. त्या वेळी साक्षीदार गृहस्थ आजारी होते. ते बरे झाले म्हणून त्यांची साक्ष होऊ शकली. अशा वयाच्या साक्षीदाराला पहिल्याच दिवशी उभं करायला हवं होतं. बांदोडकर गेले ते वर्ष आठवणारी माणसं गावागावात हाताच्या बोटांवर उरली आहेत आणि मुंडकारांच्या कितीतरी फायली त्यांच्या आठवणीवर उभ्या आहेत.

मुदतीबाबत मी नशिबावर गेले, हेही खरं. मुलगा आठवडाभर उशिरा आला असता, तर अपिलात उशीर माफ करण्याचा अधिकार मूळ कायद्यात शोधत बसावं लागलं असतं. ‘न्यायालय’ हा शब्द दिसला, की कोणत्या कायद्यातला, हे आधी विचारायची सवय मला या प्रकरणाने लावली.

घर आणि ३०० चौरस मीटर जागा विकत घेण्याचा आजीचा अर्ज आता त्याच मामलेदारांपुढे आहे. मागच्या तारखेला मी पोचले तेव्हा मुलगा आधीच येऊन बसला होता. कारकुनाकडून रोजनामा मागून घेऊन त्याने पुढची तारीख स्वतः वाचली, खाली सही केली आणि मोबाईलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवला.